वेल्डिंगच्या आधी हवा मारू नका
(डाळ मिल, पीठ-बेसन गिरणी आणि साखर कारखान्यांतील आमच्या ग्राहकांसाठी)

सोलापुरात चिंचोळी असो की अक्कलकोट रोड, एलिव्हेटरला (माल वर चढवणाऱ्या यंत्राला) पत्रा वेल्ड करायला आमची माणसं पोचली की बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळतं, "सगळं साफ आहे, आत्ताच एअर (कॉम्प्रेसरची हवा) मारली." आणि तिथेच निम्मा दिवस जातो.

एअरने पीठ जात नाही, फक्त जागा बदलतं. खालचं उठून छताच्या कैच्यांवर (छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यावर), केबल ट्रेवर जाऊन बसतं, उरलेलं हवेत तरंगत राहतं. थरात पडलेलं पीठ धुमसतं, पण तेच हवेत दाट उडालेलं असताना ठिणगी मिळाली तर क्षणात भडकतं. एलिव्हेटर किंवा सायक्लोनसारख्या (हवेतली धूळ वेगळी करणाऱ्या नळकांड्यासारख्या) बंद जागेत भडकलं तर स्फोट होतो. त्या दणक्याने कैच्यांवरची धूळ खाली येते आणि दुसरा स्फोट अनेकदा पहिल्यापेक्षा मोठा असतो. अमेरिकेत पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात फेब्रुवारी 2008 मध्ये 14 माणसं गेली. सुरुवात वेल्डिंगने झाली नव्हती, पण इमारतभर आग नेली ती साचलेल्या साखरेच्या धुळीनेच.

म्हणून आदल्या दिवशी मशीन बंद करून वरून खाली मऊ ब्रशने झाडा, धूळ पोत्यात भरून बाहेर न्या, मग ओल्या फडक्याने पुसा. ठिणग्या लांब उडतात, तेव्हा चारी बाजूंनी 11 मीटर आणि खालचा मजलासुद्धा धरा. पत्र्याचा मूळ रंग दिसला पाहिजे. एलिव्हेटरचा बूट (तळाचा डबा) उघडून आतला माल काढायचा बहुतेकांकडून राहतो, तो काढाच. डक्ट (धूळ ओढून नेणारा पाइप) कापायचा असेल तर ब्लोअर (त्याचा पंखा) बंद करून मेन स्विचला कुलूप लावा, नाहीतर ठिणगी थेट सायक्लोनमध्ये ओढली जाते.

"काम संपल्यावर तासभर माणूस बसवता, त्याचे पैसे कशाला?" असं विचारलं जातं. भुशात किंवा चुनीत (डाळीच्या बारीक चुऱ्यात) शिरलेली ठिणगी लगेच दिसत नाही. आत धुमसत राहते आणि आम्ही गेल्यावर, कधी रात्रपाळीत, पेट घेते. तो तास आम्ही सोडत नाही, बिलात वेगळा दाखवतो. पेटलंच तर पाण्याचा हलका फवारा मारा. जोराचा झोत पिठावर मारला की ते उडतं आणि आगीला आणखी खाद्य मिळतं.

जागा साफ नसेल तर आमचा माणूस वेल्डिंगचा होल्डर हातात घेत नाही, हे कुणी मनाला लावून घेऊ नये. पेट घेणारा माल असलेलं यंत्र तो माल काढल्याशिवाय वेल्डिंग किंवा कटिंगला घ्यायचं नाही, हे नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 37 मध्येच होतं.

जो भाग नट-बोल्ट खोलून निघतो तो आमच्या शेडमध्ये पाठवा. तुमच्या मिलमध्ये ठिणगी पडणार नाही आणि त्या तासाचे पैसेही वाचतील. मोठं काम असेल तर आधी येऊन जागा बघून जातो, त्याचे पैसे घेत नाही. डाळ मिलवाल्यांनी नव्या तुरीची आवक वाढण्याआधी आणि कारखान्यांनी गळीत हंगाम संपताच कळवलं तर तारीख हवी ती मिळेल. फोनवर माल कोणता, भाग किती उंचीवर आहे आणि तो खोलता येतो का, एवढं सांगा, त्याप्रमाणे सामान गाडीत भरून निघतो.