परमॅंगनेटचा पहिला थेंब का रेंगाळतो?

टायट्रेशनमध्ये, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून प्रमाण मोजताना, गरम ऑक्झॅलिक आम्लात पोटॅशियम परमॅंगनेटच्या जांभळ्या द्रावणाचा पहिला थेंब पडला की गुलाबी रंग जाता जात नाही. मग कुणीतरी सांगतंच, ‘नीट तापलं नाही, परत बर्नरवर ठेव.’ पुण्यातल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये हा सल्ला बॅचमागून बॅच चालत आलाय.

तापमानाने वेग वाढतो हे खरं. आम्ल ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात ते त्यासाठीच. पण टायट्रेशन चालू असताना फ्लास्क निवत जातो आणि तरी रंग आणखी झपाट्याने उडतो. उष्णता कमी पडणं हेच कारण असतं, तर उलट व्हायला हवं होतं.

खरी करामत मॅंगनीजच्या द्विधन (दोन धन प्रभार असलेल्या) आयनांची. ते या अभिक्रियेतच तयार होतात आणि तिलाच वेग देतात, दुधाला विरजण लागावं तसे. परमॅंगनेटशी गाठ पडून त्यांच्यापासून त्रिधन मॅंगनीज बनतं, ते ऑक्झॅलेटला धरून संकुल (दोघांची जोडलेली रचना) करतं, आणि संकुल फुटून कार्बन डायऑक्साइड सुटतो. पुस्तकातलं समीकरण (२ परमॅंगनेट, ५ ऑक्झॅलेट, १६ हायड्रोजन आयन) हा नुसता जमाखर्च. २३ आयन एकदम एकमेकांवर कसे आदळतील?

पडताळा सोपा आहे. सुरुवातीलाच चिमूटभर मॅंगनीज सल्फेट टाका. पहिल्या थेंबाचाही रंग चटकन जातो. उकळी मात्र आणू नका, ऑक्झॅलिक आम्लाचं विघटन होऊन रीडिंग चुकतं. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं तर तपकिरी मॅंगनीज डायऑक्साइड दिसू लागतो; त्यावर बर्नर हा इलाज नाही.