भिजलेला फोन चार्ज होत नाही, ते बरंच आहे

फोन पाण्यात पडतो, आपण तो झटकन बाहेर काढतो, पुसतो. स्क्रीन चालू असते, स्पर्शही कळतो. जिवात जीव येतो आणि मग 'चार्ज होतोय का तेवढं बघू' म्हणून चार्जर लावला जातो. पाण्याने झालं नसतं एवढं नुकसान पुष्कळदा या 'बघू'ने होतं.

अगदी शुद्ध पाणी विजेचं फारच वाईट वाहक असतं. वीज वाहून नेतात ते त्यात विरघळलेले क्षार. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्याची वाहकता शुद्ध पाण्याच्या जवळपास दहा लाख पट भरते. नळाचं पाणी, घाम, साबणाचं पाणी हे सगळे या दोन टोकांच्या मधले. पण क्षार नुसते असून भागत नाही, विजेचा दाबही लागतो. पाण्याचं विघटन व्हायला तत्त्वतः 1.23 व्होल्ट पुरतात. फोनच्या बॅटरीत 3.7 ते 4.4 व्होल्ट असतात आणि साधा चार्जर 5 व्होल्ट देतो. म्हणजे शेजारच्या दोन पिनांमध्ये अडकलेला थेंब चार्जर लावताच विद्युत-रासायनिक घट बनतो. धन बाजूचा धातू आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होऊन पाण्यात उतरतो आणि ऋण बाजूवर जाऊन बसतो. तिथून धातूचा केसासारखा तंतू धन बाजूकडे वाढत येतो. तो पोचला की शॉर्ट. पिनांवर सोन्याचा मुलामा असतो खरा, पण तो फार पातळ. त्यात जिथे सूक्ष्म छिद्र किंवा ओरखडा असेल, तिथून आतल्या तांब्यापर्यंत वाट मिळतेच. रिपेअरवाल्याने बोर्ड उघडून दाखवला तर पिनांच्या मुळाशी हिरवट थर दिसतो, तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तसा.

आता चार्जिंग का होत नाही ते पाहू. टाइप-सी पोर्टमध्ये वर 12 आणि खाली 12 अशा 24 पिना असतात. दोन पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. दोन्ही ओळींत एकेक पिन निव्वळ ओळखपरेडीसाठी असते. फोनच्या बाजूने तिच्यावर 5.1 किलो-ओहमचा रोध (विजेला होणारा अडथळा) दिसला, की मगच टाइप-सी चार्जर वीज सोडतो. गंमत अशी, की ही पिन वीज आणणाऱ्या पिनेला अगदी खेटून आहे. मध्ये ओल आली की रोध बदलतो आणि चार्जरला समोर काय आहे तेच कळेनासं होतं. नव्या फोनमध्ये तर फोन स्वतःच पिनांमधला रोध मोजून 'पोर्टमध्ये ओलावा आहे' असा इशारा देतो आणि चार्जिंग रोखून धरतो. बिघाड वाटतो तो खरं तर फोनचा शहाणपणा आहे. काही फोन 'तरीही चार्ज करा' असा पर्याय देतात. अगदी अडल्याशिवाय त्याला हात लावू नये.

जुन्या चौकोनी यूएसबी टोकाच्या चार्जरचं मात्र वेगळं आहे. त्यात ही ओळखपरेड होतच नाही, केबलमध्ये 5 व्होल्ट सतत हजर असतात. त्यामुळे 'हा चार्जर चालत नाही, तो जुना लावून बघतो' ही युक्ती अंगाशी येऊ शकते.

तर केबल काढावी, फोन बंद करावा, पोर्टचं तोंड खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटावा आणि वारा लागेल अशा कोरड्या जागी ठेवून द्यावा. निदान अर्धा तास, आणि आत खोलवर ओल असेल तर पूर्ण एक दिवसही लागतो. केबलचं टोकही ओलं असू शकतं, ते कोणी बघत नाही. हेअर ड्रायर नको. गरम हवेचा झोत पाणी आणखी आत ढकलतो आणि कडेचा गोंद सैल करतो. कापसाची काडीही नको. तांदळाच्या डब्याबद्दल तर काय बोलावं! आत अडकलेल्या पाण्याला तांदूळ शिवतही नाही, उलट त्याची पूड आणि कण पोर्टमध्ये जातात. अ‍ॅपलने तर फोन तांदळात ठेवू नका असं आपल्या सूचनांमध्ये स्पष्टच लिहिलं आहे.

'माझा फोन आयपी68 आहे' हे उत्तर इथे कामाचं नाही. आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. आयपी67 म्हणजे 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं. 68 म्हणजे त्याहून कडक, पण नेमकं किती ते कंपनी ठरवते. चाचणी होते नव्या फोनवर, गोड्या पाण्यात. फोन पडला-आपटला, जुना झाला, की आतलं सील पहिल्यासारखं राहत नाही. शिवाय पोर्ट स्वतः उघडंच असतं, सील असतं ते त्याच्या मागे. म्हणून जलरोधक फोनच्या पोर्टमध्येही पाणी साचतं.

यात सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वाळणं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या पाण्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर सुमारे 33 टक्केही पुरतात. म्हणून खाऱ्या पाण्यात पडलेला फोन चार दिवस ठणठणीत चालतो आणि एका दमट दिवशी अचानक चार्ज व्हायचा थांबतो. अशा फोनला निव्वळ वाळवून उपयोग नाही, तो धुवावा लागतो. दुकानात बोर्ड सोडवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतात. हे द्रव 82 अंशांच्या आसपास उकळतं आणि त्याचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे चिपच्या खालच्या फटीत शिरून तिथलं पाणी घेऊन ते लवकर उडून जातं. बऱ्याच फोनमध्ये चार्जिंगचं पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतं. बिघाड तेवढ्यावर असेल तर तो तुकडा बदलून काम भागतं. मुख्य बोर्डावरची चार्जिंगची चिप गेली असेल, तर काम अवघड आणि महागही. फोन गरम लागत असेल किंवा मागचं झाकण फुगून वर आलं असेल, तर चार्जिंगचा विषयच सोडावा आणि तो तसाच दुरुस्तीला न्यावा.

फोटो आणि बाकीचा डेटा मुख्य बोर्डावर डाखलेल्या चिपमध्ये असतो. फोन पुन्हा वापरण्याजोगा उरला नाही, तरी कारागीर बोर्ड एकदाच जिवंत करून त्यातलं सगळं काढून देऊ शकतो, बोर्ड तोवर जळलेला नसेल तर.