दांड्या चार, पण कॉल टिकेना

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं गाव नदीकाठच्या खळग्यात वसलंय. तिन्ही बाजूंना डोंगर, घरांना जांभ्याच्या जाड भिंती आणि टॉवर पार पलीकडच्या सड्यावर. घरातून बोलायचं तर पडवीच्या उंबऱ्यापाशी उभं राहावं लागतं, तिथे रेंज येते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या गणपतीत मी तिथेच उभा राहून पुण्याला कॉल लावत होतो. फोनवर चारपैकी चार दांड्या दिसत होत्या आणि तरी दर मिनिटाला कॉल तुटत होता. माजघरातून काकू बाहेर आली.

"एवढा महागाचा फोन, नि मघापासून नुसतं हॅलो हॅलो चाललंय तुझं. हा घे माझा."

काकूचा फोन चार वर्षांचा, किंमत माझ्या फोनच्या तिसऱ्या हिश्शाची. सिम दोघांचंही एकाच कंपनीचं. तिच्या फोनवर दोनच दांड्या होत्या. पुण्याचा कॉल लागला आणि बोलणं संपेपर्यंत टिकला.

त्या दुपारी मी दोन्ही फोनच्या सेटिंगमध्ये शिरलो. अँड्रॉइड फोनमध्ये 'फोनविषयी' या भागात सिमची स्थिती दाखवणारं पान असतं आणि तिथे सिग्नलची ताकद आकड्यात दिसते. माझा फोन सांगत होता उणे १०८ डीबीएम, काकूचा उणे ११०. म्हणजे दोघांच्या कानावर जवळपास सारखाच सिग्नल पडत होता. एकाने त्याला चार दांड्या दिल्या, दुसऱ्याने दोन.

हा डीबीएम आकडा नीट समजून घेण्यासारखा आहे. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. तिथून दर १० खाली उतरलं की ताकद दहापट कमी. उणे ९० डीबीएम म्हणजे एक पिकोवॅट, एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग. टॉवरवरून ४० वॅटने निघालेला सिग्नल तुमच्या हातात एक पिकोवॅट होऊन पोचला, तर वाटेत तो ४० लाख कोटी पटीने विरलेला असतो. आणि फोनच्या दृष्टीने ही बऱ्यापैकी चांगली रेंज आहे! उणे १२० पर्यंत फोर-जी फोन कसाबसा तग धरतो. त्याच्या थोडं खाली उष्णतेने इलेक्ट्रॉनांची जी धडपड चालते तिच्यामुळे निर्माण होणारा गोंगाट असतो. फोर-जीचा सिग्नल शेकडो बारीक, शेजारशेजारच्या लहरींत वाटलेला असतो, त्यांना उपवाहक म्हणतात. अशा एका उपवाहकापुरता तो साधारण उणे १३२ डीबीएम भरतो, त्यात फोनच्या सर्किटचा स्वतःचा गोंगाट मिसळतो. या गोंगाटातून काकूचा आवाज वेगळा काढणं हे आपल्या खिशातल्या यंत्राचं रोजचं काम आहे. मला तरी फोनमधली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, कॅमेऱ्याहूनही.

मग दांड्या कोण ठरवतं? कोणत्या आकड्याला किती दांड्या दाखवायच्या याचा सगळ्यांना बांधणारा नियम नाही. अँड्रॉइडच्या मूळ संहितेत, म्हणजे कोडमध्ये, फोर-जीसाठी उणे १२८, ११८, १०८ आणि ९८ अशा चार पायऱ्या दिलेल्या आहेत, पण फोन बनवणारी कंपनी किंवा सिमची कंपनी त्या बदलू शकते. पायऱ्या खाली सरकवल्या की तोच सिग्नल जास्त दांड्यांचा दिसतो. ग्राहक खूश, कॉल जैसे थे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१० सालचं. त्या वर्षी २४ जूनला ॲपलचा आयफोन ४ बाजारात आला. त्याची अँटेना म्हणजे बाहेरची स्टीलची पट्टीच होती आणि डाव्या बाजूच्या फटीवर तळहात टेकला की दांड्या भराभर घसरत. ॲपलने २ जुलैला पत्र काढून कबूल केलं, की दांड्या मोजण्याचं आपलं सूत्र साफ चुकीचं होतं, पहिल्या आयफोनपासून चुकीचं होतं, आणि ते बऱ्याच वेळा दोन दांड्या जास्त दाखवत होतं.

आनंदटेक या संकेतस्थळाने तेव्हा केलेली मोजमापं आजही वाचावीत अशी आहेत. हातात घट्ट धरल्यावर आयफोन ४ चा सिग्नल साधारण २४ डेसिबलने, म्हणजे सुमारे अडीचशे पटीने पडत होता. पण पाच दांड्यांची पायरी उणे ५१ पासून उणे ९१ पर्यंत, तब्बल ४० डेसिबलची होती. उरलेल्या चार दांड्या मिळून फक्त २२ डेसिबलमध्ये कोंबलेल्या. त्यातली तिसरी दांडी तर जेमतेम २ डेसिबलची. आता टॉवरजवळ उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. उणे ६० वरून त्याचा सिग्नल उणे ८४ वर गेला तरी पाचही दांड्या शाबूत. ज्याच्याकडे उणे ९१ होते त्याच्याही पाच दांड्या दिसत होत्या, आणि मूठ आवळताच तो थेट तळाला. दोघांचा फोन एक, दोघांची पकड एक. एक म्हणतो काहीच बिघाड नाही, दुसरा म्हणतो फोन निकामी, आणि दोघंही खरं बोलतायत.

त्याच मोजमापांत आणखी एक गोष्ट होती, ती गदारोळात मागे पडली. हात न लावता अगदी क्षीण सिग्नलवर, एका दांडीवर, आयफोन ४ आधीच्या आयफोन ३जीएसपेक्षा चांगले कॉल टिकवत होता. अँटेना पकडीला नाजूक, पण पुढचं काम जास्त चांगलं. रेंज म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो त्यात अशा निदान दोन वेगळ्या गोष्टी असतात: हवेतून किती सिग्नल गोळा झाला आणि त्यातून किती अर्थ काढता आला.

अर्थ काढण्याचं काम मोडेमचं. स्मार्टफोनमध्ये खरं तर दोन संगणक राहतात. एक आपल्याला दिसतो, ज्यावर ॲप चालतात. दुसरा बेसबँड प्रोसेसर, त्याला पडदा नाही, आपल्याला त्यावर काही टाकता येत नाही, आणि त्याच्यावर चालणारी प्रणाली पूर्ण वेगळी असते. तिलाच फर्मवेअर म्हणतात. हिचं काम घड्याळाच्या काट्यावर चालतं. फोर-जीत दर एक मिलिसेकंदाला नवा हप्ता येतो, आणि तो नीट मिळाला की नाही हे बहुतेक फोर-जी पट्ट्यांवर (पट्टा म्हणजे फ्रिक्वेन्सी बँड) चार मिलिसेकंदांत टॉवरला कळवावंच लागतं. तेवढ्या वेळात लहर किती वाकडीतिकडी झाली याचा अंदाज घ्यायचा, दोन अँटेनांनी ऐकलेलं जुळवायचं, चुका दुरुस्त करायच्या. शिवाय शेजारच्या टॉवरची मापं घ्यायची, बॅटरी वाचवायला दुसरी अँटेना कधी झोपवायची ते ठरवायचं, आणि फोन हातात आहे की टेबलावर हे ओळखून अँटेनाची जुळणी बदलायची. यातला प्रत्येक निर्णय कुणीतरी संहितेत लिहिलेला असतो. अपडेट आल्यावर त्याच फोनची रेंज सुधारल्यासारखी वाटते किंवा बिघडल्यासारखी वाटते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आता काकूच्या फोनकडे परत. दांड्या फक्त एवढंच सांगतात, की टॉवरचं बोलणं फोनला किती मोठ्याने ऐकू येतंय. फोनचं बोलणं टॉवरला ऐकू जातंय का, याबद्दल दांड्या मुक्या असतात. टॉवर ४० वॅटने ओरडतो. फोनची मजल साधारण २०० मिलिवॅट, दोनशेपट कमी. म्हणून रेंजच्या कडेवर आधी तुटतो तो आपला आवाज. फोर-जीवरच्या कॉलमध्ये आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा टॉवरपर्यंत पोचावा लागतो. त्यासाठी एक युक्ती आहे: एकच तुकडा लागोपाठ चार हप्त्यांत पाठवायचा, म्हणजे टॉवर चारही ऐकून एक धड शब्द जुळवतो. नदीपलीकडच्या माणसाला आपण तेच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडून सांगतो तसंच हे. युक्ती साधायची तर टॉवरला आणि फोनच्या फर्मवेअरला, दोघांनाही ती यावी लागते. अँटेनाची जागा, धरायची पद्धत, कोणत्या पट्ट्यावर फोन चिकटून बसलाय, हेही धरायचं. त्यामुळे उणे १०८ वाला हरतो आणि उणे ११० वाला जिंकतो, यात नवल काही नाही.

पट्ट्याचं महत्त्व आपल्याकडे विशेष. फोर-जी ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झवर चालतं. मोकळ्या हवेतसुद्धा २३०० चा सिग्नल ८५० पेक्षा साडेआठ डेसिबलने कमी हाती लागतो, भिंती आणि झाडं आली की तफावत वाढते. मात्र वरच्या पट्ट्यांत वेग जास्त मिळतो. कुठे वेग सोडून खालच्या पट्ट्यावर उतरायचं याचे निकष टॉवर देतो, पण वेळेवर मापं घेऊन टॉवरला कळवणं फोनच्या हातात. काही फोन बुडत्या पट्ट्याला शेवटपर्यंत धरून राहतात.

फर्मवेअरची ताकद सगळ्या देशाने एकदम पाहिली ती २०२२ मध्ये. १ ऑक्टोबरला भारतात फाइव्ह-जी सुरू झालं आणि फाइव्ह-जी म्हणून घेतलेले कितीतरी फोन त्या दिवशी फोर-जीवरच होते. मोडेम सक्षम, अँटेना हजर, पण भारतीय नेटवर्कसाठीचं कुलूप फर्मवेअरमध्ये बंद. आयफोनना ते डिसेंबरमध्ये आयओएस १६.२ बरोबर उघडून मिळालं. फोनमधला एक स्क्रूही हलला नव्हता.

दोन मोडेमची थेट तुलना क्वचितच जमते, कारण फोन बदलला की अँटेना, आकार, सगळंच बदलतं. २०१६ च्या आयफोन ७ ने ती संधी दिली. बाहेरून तोच फोन, पण काही नगांत क्वालकॉमचा मोडेम, काहींत इंटेलचा. सेल्युलर इनसाइट्स या मोबाइल नेटवर्कच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेने बंद पेटीत सिग्नल हळूहळू कमी करत दोन्ही तपासले. चांगल्या सिग्नलवर दोघं जवळजवळ बरोबरीने धावत होते. सिग्नल जसजसा क्षीण झाला तशी दरी रुंदावली, आणि काही पातळ्यांवर क्वालकॉमचा वेग ७५ टक्क्यांहून जास्त भरला. ॲपलचं म्हणणं होतं, की प्रत्यक्ष वापरात फरक जाणवत नाही. शहरातल्या माणसाला तो जाणवलाही नसेल. माझं गाऱ्हाणं नेमकं इथे आहे. फोनची परीक्षणं बहुतेक शहरात, भरपूर रेंजमध्ये होतात, जिथे सगळे फोन सारखेच हुशार असतात. फोनाफोनातला खरा फरक खळग्यातल्या गावात, घाटात, तळघरात दिसतो, आणि ज्यांना त्याची गरज आहे त्यांच्यासाठी तो कुणी मोजत नाही.

मोजता येत नाही असं मुळीच नाही. प्रतिध्वनी शोषून घेणाऱ्या खोलीत, कृत्रिम डोक्याला आणि हाताला फोन लावून दोन आकडे काढतात: फोन सगळ्या दिशांना मिळून किती ताकदीने बोलतो आणि किती क्षीण सिग्नल ऐकू शकतो. डेन्मार्कच्या ऑल्बोर्ग विद्यापीठातले गेर्ट फ्रोलुंड पेडरसन यांनी बाजारातल्या फोनांची अशी मापं २०१६ मध्ये नॉर्डिक देशांच्या मंत्रिपरिषदेसाठी काढली आणि ती फोनच्या नावानिशी प्रसिद्ध झाली, डाव्या हाताची वेगळी, उजव्या हाताची वेगळी. विरळ वस्तीच्या देशांना हे करावंसं वाटलं. आपल्याकडे फोनच्या खोक्यावर शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींचा आकडा छापलेला असतो. त्याच्या शेजारी हे दोन आकडे छापायला जागा नक्कीच आहे.

तोवर घरच्या घरी तुलना करायची तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. दोन फोनचे डीबीएम आकडे शेजारी ठेवून निकाल देऊ नका. प्रमाणित नियमांत फोनला या मापात ६ डेसिबल इकडेतिकडे व्हायची मुभा आहे, म्हणजे चौपट वरखाली. एक फोन थ्री-जीवर आणि दुसरा फोर-जीवर असेल तर आकडे जुळवूच नका: थ्री-जीत ते पूर्ण पट्ट्याच्या ताकदीला धरून असतात, फोर-जीत पट्ट्याच्या बाराशेपर्यंत असलेल्या उपवाहकांतल्या एकाच्या ताकदीचे, त्यामुळे फोर-जीचा आकडा वीस-तीसने खाली दिसणं साहजिक आहे. मी पडवीत हेही करून पाहिलं: फोन उंबऱ्यावरून वीतभर बाजूला सरकवला आणि आकडा बाराने बदलला. भिंतीवरून, डोंगरावरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना साथ देतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. १८०० मेगाहर्ट्झला लहर जवळपास १७ सेंटिमीटरची असते, म्हणून भरती-ओहोटी आठ-नऊ सेंटिमीटरवर येते. एकदा ठेवून घेतलेलं माप त्यामुळे बिनकामाचं. एकच सिम आलटून पालटून, त्याच जागी, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, कानाला लावून, खरे कॉल. मी दिवाळीत तीन दिवस तेच केलं. काकूचं सिम माझ्या फोनमध्ये, माझं तिच्यात. सिम बदलून काही फरक पडला नाही. तुटले ते माझ्याच फोनवरचे.

मार्चमध्ये माझ्या फोनला एक अपडेट आलं. टिपणीत एकच ओळ, नेटवर्कची स्थिरता सुधारली आहे. त्यानंतर गावी गेलो तर दांड्या चाराच्या तीन झाल्या होत्या आणि कॉल पूर्वीपेक्षा बरे टिकत होते. काकूच्या फोनची अपडेटं मात्र बंद झालीत, तिला आता नवा घ्यायचाय. दुकानात जायची घाई नको म्हटलं. वरच्या वाडीतल्या मुलाने घेतलाय तो फोन एक दिवस मागून आण, त्यात तुझं सिम घाल, उंबऱ्यापाशी उभी राहा आणि मला लाव. मी पुण्यातून ऐकतो.