सोडियम चॅनलचं म्युटेशन: ड्रावे वेगळं, एससीएन८ए वेगळं

"रिपोर्टात सोडियम चॅनलचं म्युटेशन आलंय, मग कार्बामाझेपिन बंद करायचं ना?" अपस्मार (फिट्स) असलेल्या मुलाच्या जनुक तपासणीनंतर पालक असं विचारतात, पण हा प्रश्नच अर्धवट आहे. सोडियम चॅनल म्हणजे मेंदूच्या पेशींवरचं, सोडियम आत सोडणारं दार; कार्बामाझेपिन हे ते दार दाबणारं, म्हणजे 'ब्लॉकर', अपस्माराचं औषध. जनुक कुठलं आणि त्या बदलाने चॅनलचं काम घटलं की वाढलं, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. (रक्तातल्या सोडियमशी किंवा जेवणातल्या मिठाशी याचा संबंध नाही.)

ड्रावे सिंड्रोम, म्हणजे तान्हेपणी सुरू होणारा तीव्र अपस्मार, बहुतेकांना माहीत असतो. साधारण सहा महिन्यांचं, तोवर नीट वाढणारं बाळ, ताप किंवा गरम पाण्याची आंघोळ आणि लांबलेला, अनेकदा अंगाच्या एकाच बाजूचा झटका. त्यामागे बहुतेकदा एससीएन१ए हे जनुक असतं, हे २००१मध्ये कळलं.

खरी गल्लत पुढे होते. ड्रावेमध्ये या जनुकाची एक प्रत निकामी असते, म्हणजे सोडियमचा प्रवाह कमी होतो. मग झटके कमी व्हायला हवेत, नाही का? नाही, कारण या चॅनलवर मुख्यतः मेंदूला आवर घालणाऱ्या, गाबा हे शांत करणारं रसायन सोडणाऱ्या पेशी अवलंबून असतात. त्याच थकल्या की ब्रेक सुटतो. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही औषधं उरलंसुरलं चॅनलही दाबतात आणि झटके वाढू शकतात. म्हणून तिथे व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, पुढे स्टिरिपेंटॉल किंवा फेनफ्लुरामिन.

एससीएन८ए हे दुसरं जनुक. त्याचं चॅनल उत्तेजक पेशींच्या ॲक्सॉनच्या (संदेश पुढे नेणाऱ्या लांब तंतूच्या) मुळाशी, जिथे संदेश पेटतो तिथे, दाटीने असतं. लहानपणीच तीव्र अपस्मार सुरू झालेल्या बहुतेक मुलांत ते जास्त काम करतं: लवकर उघडतं, नाहीतर मिटायला उशीर लावतं. इथे तीच 'टाळायची' औषधं पहिली निवड ठरतात, पुष्कळदा चढ्या डोसमध्ये. "सोडियम चॅनल म्हणजे ब्लॉकर नको" हा सरसकट सल्ला या मुलांचं नुकसान करतो.

रिपोर्टातली प्रथिनाची ओळ नीट वाचा. शेवटी 'टीईआर' किंवा तारांकन असेल, अथवा 'एफएस' दिसत असेल, तर प्रथिन अर्ध्यात तुटतं आणि काम घटतं. एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं आलं असेल, तर काम घटलेलंही असू शकतं, वाढलेलंही. 'पॅथोजेनिक' हा शब्द त्यातलं काय झालं ते सांगत नाही. एससीएन२ए या आणखी एका सोडियम चॅनलच्या जनुकात तर पहिल्या झटक्याचं वय मोठा दुवा असतं: तीन महिन्यांच्या आत सुरुवात असेल तर बहुधा काम वाढलेलं आणि ब्लॉकर लागू पडतात, त्यानंतर असेल तर बहुधा घटलेलं. म्हणून ते वय "लहानपणी" असं मोघम न सांगता आठवड्यांत सांगा.

"फिट्स थांबल्या की बुद्धी आपोआप सुधारेल" हाही गैरसमज आहे. एससीएन८एचं काम घटलेल्या काही मुलांना झटका कधीच येत नाही, तरी बौद्धिक अक्षमता असते. चॅनलमधला दोष मेंदूच्या घडणीवर थेटही परिणाम करतो. स्पीच थेरपी, फिजिओथेरपी झटके आटोक्यात येईपर्यंत लांबवू नका.

आणि रिपोर्ट काहीही येवो, चालू औषध स्वतःहून थांबवू नका. अचानक बंद केल्याने न थांबणारा झटका येऊ शकतो. बदलायचं ठरलं तर न्यूरॉलॉजिस्ट डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात.