भिंत चोखणारं शिंगरू

घोडी सुखरूप व्यायली, शिंगरू उठलं, दूध प्यायलं, सगळं छान, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर तेच शिंगरू आईला सोडून कोपऱ्यात उभं राहून भिंत चोखतंय, जीभ एका बाजूला लोंबतेय, आपण जवळ गेलो तरी त्याला पत्ताच नाही. हा हट्टीपणा नाही आणि नुसता अशक्तपणाही नाही, मेंदूचं काहीतरी बिनसलंय असंच धरून चाला आणि लगेच व्हेटला फोन करा. अशा शिंगरांना डमी फोल म्हणतात, आणि वेळेत उपचार मिळाले तर त्यातली बरीचशी अगदी ठणठणीत होतात, म्हणूनच एवढं कळकळीने लिहितोय.

बिघाड ओळखायचा तर आधी नॉर्मल काय ते डोक्यात पक्कं पाहिजे. साधारण १ तासात उभं राहणं, २ तासांत आईला पिणं, ३ तासांत घोडीची वार पडणं, हे घड्याळ लावून बघायचं. नवजात शिंगराच्या डोळ्यांसमोर झटकन हात नेला तर ते पापणी मिटेलच असं नाही, ते पहिल्या दोनेक आठवड्यांत शिकतं, त्यामुळे ते आंधळं आहे असं समजून घाबरू नका. चालही सुरुवातीला झटकेदार असते, पाय जरा जास्तच उचलतं. झोपेत ओठ आणि पाय हलतात, पण जागं केल्यावर ते थांबायला हवं. जागेपणी तोंडात काही नसताना उगाच चघळत राहणं, बुबुळं एका लयीत हलणं, आडवं पडून पोहल्यासारखे पाय मारणं, ही फिट असू शकते, तेव्हा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरला फार उपयोग होतो.

कारणांत ऑक्सिजन कमी पडणं हे मोठं कारण. वार वेळेआधी सुटली, बाळंतपण अडलं किंवा वारेला इन्फेक्शन झालं की मेंदूला त्रास होतो. व्यायच्या वेळी पांढरट पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी आधी बाहेर आली तर वार सुटलेली आहे, ती तिथेच फाडून शिंगरू पटकन बाहेर काढावं लागतं, डॉक्टर येईपर्यंत थांबता येत नाही.

पण बाळंतपण सोपं झालं तरी काही शिंगरं डमी होतात, ते का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले जॉन मॅडिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पिच्छा पुरवला. पोटात असताना शिंगराला शांत ठेवणारी काही स्टेरॉइड्स असतात, जन्मानंतर ती झपाट्याने कमी व्हायला हवीत, आणि आजारी शिंगरांत ती जास्तच राहिलेली दिसली. त्यातलंच ॲलोप्रेग्नॅनोलोन एका निरोगी शिंगराला दिलं तर ते काही वेळ तसंच गुंगलं. मग विचार असा, की जन्ममार्गातला दाब हा जागं होण्याचा सिग्नल असावा, तर तो परत देऊन बघू. छातीभोवती दोराचे वेढे घेऊन साधारण २० मिनिटं दाब ठेवतात, शिंगरू झोपतं, आणि दोर सोडल्यावर काही शिंगरं उठून सरळ आईकडे जातात! मला हे फार विलक्षण वाटतं, पण याचा पुरावा बराचसा डॉक्टरांच्या अनुभवांतून गोळा झालेला आहे, आणि बरगडी मोडलेली असेल किंवा श्वासाचा त्रास असेल तर हे करायचं नाही, त्यामुळे घरच्या घरी दोर बांधू नका.

शिवाय रक्तातली साखर उतरली किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरला तरी शिंगरू असंच मलूल दिसतं, ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. फिटसाठी डायझेपाम किंवा मिडाझोलाम, गरजेप्रमाणे ऑक्सिजन, सलाईन, ग्लुकोज, अँटिबायोटिक, हे डॉक्टर ठरवतात.

चिकाचं, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दुधाचं, मात्र तुम्हीच लक्षात ठेवा. घोडीच्या वारेतून अँटिबॉडी शिंगरात जात नाहीत, त्या चिकातूनच मिळतात, आणि आतडं त्या फक्त पहिल्या दिवसभरात घेतं, तेही पहिल्या काही तासांत सगळ्यात चांगलं. आणि नीट चोखता न येणाऱ्या शिंगराला बाटलीने जबरदस्तीने पाजलं तर दूध फुप्फुसात जातं, म्हणून डॉक्टर नाकातून नळी घालून चीक देतात. आडवं पडलेलं शिंगरू दर दोनेक तासांनी कुशीवरून कुशीवर वळवायचं, डोळ्याला जखम होत नाही ना ते बघायचं. घोडीला त्याच्या नजरेच्या टप्प्यात ठेवायचं आणि तिचं दूध नियमित काढत राहायचं, नाहीतर शिंगरू बरं होऊन प्यायला येईल तोवर ती आटलेली असेल.