‘स्कीट’चं गोत्र

नेमबाज बंदुकीचा दस्ता कमरेशी धरून उभा असतो. त्याने आवाज दिला की तीन सेकंदांच्या आत केव्हाही एक नारिंगी तबकडी हवेत झेपावते. बंदूक खांद्याला, चाप, आणि तबकडीचा भुगा. ही तबकडी छोट्या बशीएवढी, 11 सेंटिमीटर व्यासाची. तिला ‘मातीचं कबूतर’ म्हणतात, पण आता ती डांबरासारख्या राळेत चुनखडीची पूड मिसळून करतात. जिवंत कबुतरं उडवून मारायच्या जुन्या खेळाचं नाव तेवढं मागे उरलं.

या प्रकाराला ‘स्कीट’ म्हणतात. 1968 पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हीज आणि विल्यम फॉस्टर यांनी 1920 च्या सुमारास शिकारीच्या सरावासाठी तो सुरू केला. घड्याळाच्या आकड्यांसारख्या जागा आखलेलं गोल मैदान, म्हणून नाव ‘घड्याळाभोवती नेमबाजी’. शेजारी कोंबड्यांचा फार्म निघाला आणि छर्रे तिकडे जाऊ नयेत म्हणून वर्तुळ अर्धं करावं लागलं. आजही मैदान अर्धगोलच असतं! नव्या नावासाठी एका मासिकाने 100 डॉलरची स्पर्धा लावली. 1926 मध्ये ती मोंटानातल्या गर्ट्रूड हर्लबट या बाईंनी जिंकली. शब्द होता ‘स्कीट’, ‘नेम मारणे’ या अर्थाच्या जुन्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून घडवलेला.

योगायोगाने इंग्रजीत आधीच एक ‘स्कीट’ होता: जहाजाच्या शिडांवर पाणी उडवायचं लांब दांड्याचं डोणं. त्याचा या खेळाशी संबंध नाही.

मला खरा लळा लावला तो त्या स्कँडिनेव्हियन मुळाने. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, ‘स्क्योता’ म्हणजे बाण सोडणे, फेकणे. इंग्रजीत त्याचंच सख्खं भावंड ‘शूट’. नॉर्सने ‘स्क’ जपला, इंग्रजीने त्याचा ‘श’ केला. आपण रोज म्हणतो ते ‘स्कर्ट’ आणि ‘शर्ट’ हे शब्दही असेच एका मुळाचे: पहिला नॉर्सकडून आलेला, दुसरा इंग्रजीचा घरचा.

आणखी मागे, या भाषा आणि संस्कृत यांच्या समान पूर्वज भाषेपर्यंत गेलं की अनेक अभ्यासक या घराण्यात संस्कृतचा ‘चुद्’ धातूही बसवतात. या मुळांच्या आरंभीचा ‘स’ कुठे टिकतो, कुठे गळतो, आणि संस्कृतात ‘क’चा ‘च’ होतो. चुद् म्हणजे पुढे ढकलणे, प्रेरणे. मुंजीत बटूच्या कानात सांगितल्या जाणाऱ्या गायत्री मंत्राचा शेवटचा शब्द याच धातूचा आहे: ‘प्रचोदयात्’.