लिनक्सवर मीडिया प्लेअर बसवणे

लिनक्स संगणकावर ध्वनिफिती व चित्रफिती चालवणारे सॉफ्टवेअर आणि त्यासाठी लागणारे कोडेक (संकुचित ध्वनी व चित्र उलगडणारे घटक) बसवण्याची प्रक्रिया. व्हीएलसी, एमपीव्ही आणि एमप्लेअर हे यातले रुळलेले प्लेअर. ते सहसा डिस्ट्रोच्या (उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या वितरणाच्या) रिपॉझिटरीतून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन भांडारातून, घेतात. उबुंटू व डेबियनवर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी’ एवढे पुरते. फेडोरावर दीर्घकाळ आरपीएम फ्यूजन ही बाहेरची रिपॉझिटरी आधी जोडावी लागे. स्नॅप व फ्लॅटपॅक हे अनेक डिस्ट्रोंवर चालणारे पॅकेजचे प्रकार अलीकडचे पर्याय आहेत.

व्हीएलसीचा आरंभ कधीपासून धरावा याबाबत एकवाक्यता नाही. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेत १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी हाती घेतलेल्या प्रकल्पात त्याचे मूळ आहे. वसतिगृहाच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवणे हा त्यामागचा हेतू होता. १९९८ च्या सुमारास सॉफ्टवेअर नव्याने लिहिले गेले, म्हणून काही जण तेच साल देतात. १ फेब्रुवारी २००१ रोजी ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले झाले. लिनक्सच्या संदर्भात २००१ हे साल अधिक सयुक्तिक वाटते, कारण मुक्त परवान्याशिवाय डेबियनने ते आपल्या मुख्य रिपॉझिटरीत घेतलेच नसते. एमप्लेअर (२०००, हंगेरी) जवळपास समकालीन. एमपीव्ही ही त्याचीच पुढची शाखा, २०१३ पासूनची. या तिन्हींच्या पोटात डीकोडिंगचे बरेचसे काम फाब्रिस बेलार याने २००० मध्ये सुरू केलेल्या एफएफएमपेगच्या लायब्रऱ्या करतात.

अडचण येते ती कोडेकपाशी. एमपी३, एमपेग-२, एच.२६४ यांवर पेटंटे असल्याने परदेशांतील डिस्ट्रो त्यांचे डीकोडर सोबत देण्यास कचरत. ‘उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ हे अशा कोडेकचे वेगळे पॅकेज त्यातूनच आले. एमपी३ विकसित करणाऱ्यांपैकी जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने त्याचा परवाना कार्यक्रम २०१७ मध्ये संपवल्यावर त्यापुरता प्रश्न मिटला. भारतात हा निर्बंध कितपत लागू होता? पेटंट कायद्याचे कलम ३(के) संगणक प्रोग्रॅमला ‘पर से’, म्हणजे निव्वळ प्रोग्रॅम म्हणून, पेटंट नाकारते. एका मतानुसार येथील वापरकर्त्याला चिंतेचे कारण नव्हते. दुसरे मत ‘पर से’ या शब्दांवर बोट ठेवते: तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला पेटंट मिळू शकते, असा कल फरीद अल्लानी प्रकरणातील दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालात दिसतो. घरगुती वापरापुरते पहिले मत व्यवहाराला धरून आहे. मुंबईतल्या वापरकर्त्याला मात्र वाद कळो न कळो, पॅकेज वेगळे टाकावेच लागे.

डीव्हीडीची गोष्ट निराळी. तिच्यावरील सीएसएस हे कॉपी रोखणारे कुलूप उघडणारी लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी डेबियन स्वतः वाटत नाही. ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ हे पॅकेज टाकून नंतर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ चालवले की ती वापरकर्त्याच्या यंत्रावरच तयार होते. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ असे कुलूप तोडणे गुन्हा ठरवते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. विकत घेतलेली डीव्हीडी घरी पाहणे त्यात बसू नये.

मुंबईत घराघरांतून साठलेल्या मराठी नाटकांच्या व चित्रपटांच्या व्हीसीडींनी लिनक्स वापरणाऱ्यांपुढे एक खास पेच टाकला. तबकडी उघडली की ‘एमपेगएव्ही’ फोल्डरात ‘एव्हीसेक०१.डॅट’ ही फाइल दिसते, पण कॉपी करू जाता ‘इनपुट/आउटपुट एरर’ येतो. पुष्कळ जण तबकडी खराब समजून टाकून देतात. दोष तबकडीचा नसतो. पहिल्या ट्रॅकवर नेहमीची फाइलव्यवस्था असते. चित्रपट दुसऱ्या ट्रॅकपासून, आणि तेथे प्रत्येक सेक्टरमध्ये (तबकडीवरील माहितीच्या तुकड्यात) २०४८ ऐवजी २३२४ बाइट भरलेले असतात. जास्तीची जागा मिळते ती चूक-दुरुस्तीची माहिती वगळून. फाइलव्यवस्थेला हे सेक्टर वाचता येत नाहीत. म्हणून फाइल न उघडता प्लेअरला थेट ट्रॅक सांगावा लागतो: एमप्लेअरमध्ये ‘व्हीसीडी://२’. व्हीएलसीत ‘ओपन डिस्क’मधून व्हीसीडी निवडली की झाले.

मुंबईच्या संगणक बाजारात, लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), जोडून घेतलेल्या संगणकांवर लिनक्स टाकणारे बहुधा ऐकीव माहितीवर चालत. शिस्तशीर शिकवण आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने दिली. त्यातले लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत.

२०२२ मध्ये व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेचे संकेतस्थळ भारतात बंद करण्यात आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा खुले झाले. डिस्ट्रोचे पॅकेज त्या संकेतस्थळावरून येत नसल्याने रिपॉझिटरीतून घेणाऱ्यांना त्याची झळ पोचली नाही.

मराठी सबटायटलसाठी देवनागरी फॉन्ट लागतो. नसेल तर पडद्यावर नुसत्या चौकटी उमटतात. डेबियन व उबुंटूवर ‘फॉन्ट्स-देव’ पॅकेज टाकावे. सबटायटल फाइल यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्ये असावी. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये एन्कोडिंग बदलून तो वाचता येत नाही.